आदमची बरगडी आणि आईची कूस



वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपले की ज्याला शंका असेल त्याने उभे राहून विचारावी, अशी आमची पद्धत आहे. एका रविवारी एक भगिनी उभी राहिली. तिच्या कुटुंबाने दोनच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. ती म्हणाली, "बाई, माझी पोरगी सहावीत हाय. वर्गातली ख्रिश्चनाची पोर सांगती, देवानं सहा दिवसांत जग केलं. मुसलमानाची पोर सांगती, अल्लानं केलं. शेजारची म्हणती, ब्रह्मदेवानं केलं. माझी पोर घरी येऊन इचारती, आई, आपल्यात कुणी केलं? तिला काय सांगू?"

सभेत थोडा हशा झाला. एका बंधूने बसल्या जागेवरून "निसर्गानं केलं म्हणावं!" असे उत्तरही देऊन टाकले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मिरजेच्या आसमंतात मी शिक्षिका आहे. या गावात मीरासाहेबांचा दर्गा आहे, मिशनचे चर्च आहे, देवळे आहेत आणि आपले विहारही आहेत. शाळेच्या एकाच बाकावर चार धर्मांची लेकरे बसतात. ज्यांच्या घरात जगाच्या आरंभाची गोष्ट आहे त्यांच्यासमोर आपले लेकरू गप्प बसते. आपल्या घरात काहीतरी कमी आहे, असे त्याला वाटू लागते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

मात्र उत्तर देण्याआधी मी तुम्हाला एक उलट प्रश्न विचारते. प्रत्येक धर्माने सांगितलेल्या जगाच्या आरंभाच्या गोष्टीत त्या सहावीतल्या मुलीची जागा कोणती? ती कशापासून झाली आणि कशासाठी झाली, असे ती गोष्ट म्हणते? सृष्टीची कथा ही नुसती कथा नसते. घरात हुकूम कोणाचा चालणार, याचा पाया त्या कथेत घातलेला असतो.

प्रथम ख्रिस्ती बांधवांची कथा पाहू. बायबलातील पहिल्या पुस्तकाचे नाव 'उत्पत्ती'. त्यात मानवाच्या निर्मितीची हकिगत दोनदा आली आहे. पहिल्या अध्यायात देव पुरुष आणि स्त्री यांना एकाच वेळी आणि आपल्या प्रतिरूपात निर्माण करतो. तेथे उच्चनीच काही नाही. दुसऱ्या अध्यायात मात्र देव मातीपासून आदमला घडवतो. मग त्याला गाढ झोप आणून त्याची एक बरगडी काढतो आणि त्या बरगडीची स्त्री बनवतो. पुढे सर्प येतो, स्त्री त्याच्या बोलण्याला भुलते, निषिद्ध फळ खाते आणि नवऱ्यालाही देते. शिक्षा दोघांनाही होते, पण स्त्रीला मिळालेली शिक्षा ध्यानात घ्या. बाळंतपणाच्या वेदना वाढतील आणि नवरा तुझ्यावर सत्ता चालवील, अशी ती शिक्षा आहे.

आता या दोन हकिगतींपैकी कोणती चालली? संत पौलाच्या नावावर असलेल्या पत्रांत एके ठिकाणी म्हटले आहे की ख्रिस्ताच्या ठायी पुरुष व स्त्री हा भेद उरत नाही. परंतु त्याच्याच नावावरच्या तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की स्त्रीने शांतपणे शिकावे, पुरुषाला शिकवू नये. कारण काय दिले? तर आदम आधी घडला आणि फसली ती स्त्री. म्हणजे बरगडीची गोष्ट कायद्याच्या कलमासारखी वापरली गेली. शतकानुशतके चर्चने स्त्रीला धर्मपीठावर चढू दिले नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिल्या स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली ती १९९४ साली. रोमन कॅथलिक पंथ आजही ती देत नाही.

याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाई या संस्कृत शास्त्रे पढलेल्या विदुषी. हिंदू शास्त्रांत स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाही हे पाहून त्यांचे मन विटले आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या धर्मात पतित स्त्रीलाही जवळ करतात तो धर्म त्यांना आपला वाटला. त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारले, हजारो निराधार स्त्रियांना आसरा दिला, हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. अशा या स्त्रीने इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली! ज्या घराचा आसरा रमाबाईंनी घेतला, त्या घराच्या दारातही बरगडीची गोष्ट उभी होती. या रमाबाईंची बाजू आपल्याकडे कोणी घेतली? महात्मा जोतीराव फुले यांनी, १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात. धर्मांतर केले म्हणून सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली असताना जोतीरावांनी हे केले.

आता मुस्लिम बांधवांची कथा पाहू. आपल्या मंडळींत या बाबतीत फार गैरसमज आहेत, म्हणून स्पष्ट सांगते. बरगडीची गोष्ट कुराणात नाही. कुराण सांगते की अल्लाने माणसांना एका जिवापासून निर्माण केले आणि त्याच जिवापासून त्याचा जोडीदार निर्माण केला. स्त्रीने आधी फळ खाल्ले आणि पुरुषाला भुलवले, असेही कुराण म्हणत नाही. सैतान दोघांनाही फसवतो. एके ठिकाणी तर तो आदमलाच भुलवतो, असे आहे. दोघे खातात, दोघे क्षमा मागतात आणि त्यांना क्षमा मिळते. ते पाप पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर चढत नाही. हव्वा हे नावही कुराणात नाही. साऱ्या कुराणात नाव घेऊन उल्लेख आहे तो एकाच स्त्रीचा, येशूची आई मरियम हिचा. बरगडीचा उल्लेख येतो तो हदीसमध्ये.

एवढेच नव्हे, तर सातव्या शतकात इस्लामने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला. तो मुलाच्या निम्मा होता हे खरे, पण ज्या काळी आपल्या देशात मनूच्या नावाने स्त्रीचा स्वतंत्रपणाच नाकारला जात होता, त्या काळी तो दिला. हे मान्य न करणे म्हणजे सत्याशी बेइमानी होय, आणि धम्मात सत्याशी बेइमानी चालत नाही.

मग तेथे स्त्री मुक्त झाली काय? नाही. पुरुष हे स्त्रियांचे व्यवस्थापक व रक्षक आहेत, अशा अर्थाचे वचन कुराणातच आहे आणि त्याचा आधार घेऊन पुरुषांनी आपली सत्ता पक्की केली. तोंडाने तीनदा तलाक म्हणून बायकोला घराबाहेर काढण्याची चाल कित्येक पिढ्या चालली. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. फक्त सात! त्या सातजणींना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल याची कल्पना करा. १९७० साली दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि 'सत्यशोधक' हा शब्द त्यांनी जोतीरावांकडून घेतला. ती तोंडी तलाकची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली २०१७ साली. सात स्त्रियांच्या पावलांना न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचायला एकावन्न वर्षे लागली. कथा बरी असली तरी ती सांगण्याचा अधिकार पुरुषांच्याच हाती राहिला, तर स्त्रीच्या पदरात फारसे पडत नाही, हा याचा धडा.

आणि आपण जे घर सोडून आलो त्या घराची कथा? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे. विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र झाले. या गोष्टीने आपल्या वाडवडिलांचे काय केले हे मी सांगायला नको. परंतु आपण नेहमी पायांकडेच पाहतो, दुसरी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. त्या चार अवयवांत स्त्री कोठे आहे? ती कोणत्याच अवयवापासून झालेली नाही. ती त्या वाटणीत मोजलीच गेली नाही.

भगिनींनो, आता या कथा शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोणाचा माणूस मातीपासून, कोणाचा मुखापासून, कोणाची बाई बरगडीपासून. यांत कोण दिसत नाही? आई दिसत नाही. जगातला प्रत्येक माणूस बाईच्या पोटातून येतो हे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. पण आरंभाच्या कथेत पुरुष आईवाचून होतो, आणि बरगडीच्या कथेत तर बाईच पुरुषाच्या अंगातून निघते. डोळ्यांना रोज दिसणारी गोष्ट कथेत उलटी केली आहे. ज्याच्या अंगातून ती निघाली तो तिचा धनी ठरला.

तथागतांनी ही उलटी केलेली गोष्ट पुन्हा सुलटी केली. दीघनिकायात अग्गञ्ञ सुत्त आहे. त्यातला प्रसंग श्रावस्तीचा, पूर्वारामातील मिगारमाता प्रासादातला. हा प्रासाद संघाला दान दिला होता विशाखेने, एका स्त्रीने. तेथे वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातले दोन तरुण संघात प्रवेश मिळावा म्हणून राहिले होते. त्यांच्या जातीचे लोक त्यांना शिव्या देत होते की, ब्रह्म्याच्या मुखापासून जन्मलेले तुम्ही, पायांपासून जन्मलेल्यांत जाऊन बसलात! तथागतांनी काय उत्तर दिले? ते म्हणाले, अरे, ब्राह्मणांच्या बायकांना ऋतुस्राव होताना दिसतो, त्या गर्भार राहतात, बाळंत होतात, लेकरांना पाजतात. त्याच कुशीतून जन्माला आलेले हे ब्राह्मण आपण मुखातून जन्मलो म्हणतात!

या उत्तराचे मोल ओळखा. तथागतांनी एका कथेपुढे दुसऱ्या देवाची कथा ठेवली नाही. त्यांनी आईकडे बोट दाखवले. ज्या विटाळाच्या नावाने बाईला चुलीपासून आणि देवळापासून दूर बसवले, तोच ऋतुस्राव त्यांनी भर सभेत, न लाजता, समतेचा पुरावा म्हणून मांडला. आईची कूस सगळ्यांना एक, म्हणून माणूस एक. जात तेथेच संपली, आणि पुरुषाचा तोराही तेथेच संपायला हवा होता.

त्याच सुत्तात पुढे जगाच्या आरंभाचेही वर्णन आहे. प्रारंभीच्या जिवांत स्त्री आणि पुरुष हा भेद नव्हता. कालांतराने त्यांच्यात स्त्रीत्व आणि पुरुषत्व ही लक्षणे प्रकट झाली. कोणी कोणाच्या बरगडीतून निघाले नाही. अर्थात हीही जुन्या काळची मांडणी आहे, तिला विज्ञानाचे पुस्तक समजू नये. माणूस कसा उत्क्रांत झाला ते डार्विनपासूनच्या शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी सांगितले आहे, ते आपण मुलांना जरूर शिकवावे. जग शाश्वत की अशाश्वत, हे सांगा म्हणून मालुंक्यपुत्ताने हट्ट धरला, तेव्हा तथागतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस मरून जाईल. आधी बाण काढा.

बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. ख्रिस्ती, मुस्लिम, शीख अशा साऱ्या धर्मांची माणसे त्यांना भेटली. त्यांनी निर्णय घेतला एकवीस वर्षांनी. १९५० साली 'महाबोधी' मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी एक फरक दाखवला आहे. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, पैगंबरांनी देवाचा प्रेषित म्हटले. बुद्धांनी स्वतःसाठी असे काही मागितले नाही. ते मार्ग दाखवणारे होते, मोक्ष देणारे नव्हते. जेथे शब्द देवाचा असतो तेथे तो बदलता येत नाही. जेथे शब्द माणसाचा असतो तेथे तो तपासता येतो.

आणि तपासायचे म्हटले की आपलेही घर तपासले पाहिजे. महाप्रजापती गौतमीने प्रव्रज्या मागितली तेव्हा तिला तीनदा नकार मिळाला. ती केस कापून, काषाय वस्त्रे नेसून, शाक्य स्त्रियांसह पायी वैशालीला आली. पाय सुजलेले, अंग धुळीने भरलेले. आनंदाने तथागतांना विचारले, स्त्री अर्हतपदाला पोहोचू शकते की नाही? तथागतांनी उत्तर दिले, पोहोचू शकते. संघाचे दार उघडले, पण विनयात आठ कडक नियम लिहिलेले आहेत. त्यांतला एक असा की शंभर वर्षांची भिक्षुणीही आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करील. आपल्या ग्रंथातला हा भाग ख्रिस्ती किंवा मुस्लिम शेजाऱ्याने दाखवला तर रागावू नका. बाबासाहेबांनी स्वतः १९५१ साली 'महाबोधी'त या विषयावर लेख लिहिला आणि पाली ग्रंथांतील स्त्रीनिंदेची वचने ही पुढच्या काळातील भिक्षूंनी घुसडलेली असावीत असे प्रतिपादन केले. ग्रंथ कसा वाचावा हे त्यांनी आपल्याला शिकवले. तथागतांचे मूळचे उत्तर 'पोहोचू शकते' हे आहे. त्याच्याशी जे जुळत नाही ते वचन आपल्यावर बंधनकारक नाही.

येथवर मी ग्रंथांचे बोलले. आता घरचे बोलते.

माझे माहेर सातारा जिल्ह्यात. याच सातारा शहरात भीमाई वारल्या आणि लहानगा भीम आईला पारखा झाला. याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई. आमच्या आजोबांनी १९५६ नंतर लगेच धम्म स्वीकारला, घरातले देव नदीत सोडले. त्यानंतर काही वर्षांनी घरात चौथी मुलगी झाली, ती माझी आत्या. तिचे नाव काय ठेवले? नकुसा! देव गेले, पण नको असलेली मुलगी 'नको' असेच म्हणवून घेत राहिली. वतनाच्या जमिनीचा तुकडा वाटायची वेळ आली तेव्हा नकुसाआत्याला साडीचोळी केली आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. ती काही बोलली नाही. जिचे नावच नको, ती काय मागणार?

२०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या मुली शोधून २८५ जणींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. चांगले झाले. पण २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एकोणीस अर्भकांचे अवशेष पुरलेले सापडले. त्यांना नकुशी म्हणण्याइतकेही जगू दिले गेले नव्हते. कोसलराजा प्रसेनजिताला मल्लिका राणीपासून मुलगी झाली तेव्हा तो खिन्न झाला. मुलगी ही मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते, असे तथागतांनी त्याला समजावले. अडीच हजार वर्षे झाली, आम्ही अजून त्या राजाच्या शेजारी तोंड पाडून बसलो आहोत.

गेल्या वर्षी माझे वडील वारले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर भावाने माझ्यापुढेही हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. तो वाईट माणूस नाही. घरात वंदना तोच घेतो, बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ आहेत. त्यांत सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच्या प्रमुख कारणांत हिंदू कोड बिल अडवले गेले हे एक कारण होते, आणि मुलीचा वारसा हा त्या बिलातला मोठ्या वादाचा मुद्दा होता. हे सारे मी भावाला सांगितले. सही केली नाही. भाऊ अजून माझ्या घरी येत नाही. नकुसाआत्या मात्र आली. माझ्या हातावर हात ठेवून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "बरं केलंस."

म्हणून बंधूंनो, दुसऱ्यांच्या कथेतली बरगडी मोजण्याआधी आपला सातबारा उघडून पाहा. त्यावर बहिणीचे नाव आहे काय? घरात वंदना घेण्याचा मान कधी बायकोला, मुलीला देता काय? चार दिवसांच्या विटाळाची शिवाशिव अजून पाळता काय? मुलीचे नाव ठेवताना मनापासून आनंद होतो काय? ख्रिस्ती आणि मुस्लिम शेजाऱ्यांशी वाद घालून त्यांच्या कथा खोट्या पाडणे हे आपले काम नव्हे. पंडिता रमाबाई आणि दलवाईंबरोबरच्या त्या सात स्त्रिया आपापल्या घरात झगडल्या. आपण आपल्या घरात झगडावे.

आता त्या भगिनीच्या लेकीचे उत्तर. तिला सांगावे की, बाळ, जग कोणी एकाने बसून केले, असे आपण मानत नाही. ते कसे झाले हे शास्त्रज्ञ शोधत आहेत, तूही शीक आणि शोध. तू मात्र कोणाच्या बरगडीतून आली नाहीस की कोणाच्या पायांतून आली नाहीस. तू माझ्या पोटातून आलीस, तुझा भाऊही माझ्याच पोटातून आला. म्हणून तुमची दोघांची किंमत सारखी आणि वाटाही सारखा.

पण भगिनींनो, हे शेवटचे वाक्य लेकीला सांगण्याआधी ते आपल्या घरात खरे करून ठेवा. मुले फार लवकर ओळखतात.

जयभीम! नमो बुद्धाय!